दुबळ्या दुव्यांचे बळ : हायड्रोजन बंध आणि शेतकऱ्याच्या नित्याच्या वस्तू

दिंडोरी तालुक्यात गोडी छाटणी आटोपून द्राक्षमण्यांत पाणी उतरू लागले, की मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास बागांचे रूप पालटते. वेलीवरील घडांभोवती वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले दिसू लागतात. रात्रीची कडक थंडी आणि दिवसाचे तळपते ऊन यांच्या कात्रीत हिरव्या जातींचे मणी गुलाबी पडतात आणि असा माल बाजारात मागे पडतो. कागदाचे आच्छादन हा त्यावरील सोपा व कमी खर्चाचा उपाय असल्याने तो या भागात सर्वत्र रूढ झाला आहे.

परंतु याच दिवसांत अवकाळी पाऊस झाला, तर तोच कागद घडाला चिकटून बसतो, बोट लावताच फाटतो आणि त्याचा लगदा होतो. शेजारच्या बागेवर अंथरलेले प्लॅस्टिकचे आच्छादन त्याच पावसात जसेच्या तसे राहते. मात्र उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, की तेही कडकडीत होऊन तडकते. सुताचा धागा पावसात भिजला तर कमजोर होण्याऐवजी अधिक मजबूत होतो. एक वस्तू पाण्याने जाते, दुसरी उन्हाने जाते, तर तिसरीला पाण्याने बळ येते. यामागे काही नियम असला पाहिजे आणि तो शेतकऱ्यास कळला, तर कोणती वस्तू कोठे वापरावी, तिची निगा कशी राखावी आणि बाजारात नव्याने आलेल्या वस्तूची पारख कशी करावी, हे त्यास स्वतःच ठरविता येईल. हा नियम ज्या एका सूक्ष्म दुव्यावर आधारलेला आहे, त्यास शास्त्रज्ञ ‘हायड्रोजन बंध’ असे म्हणतात.

साखळी आणि दुवा

कापूस, कागद, लाकूड, पिठातील स्टार्च, फळातील पेक्टिन, रेशीम, नायलॉन, पॉलिथिन हे सर्व पदार्थ वरकरणी अगदी भिन्न दिसतात. परंतु त्यांच्या अंतरंगात एक साम्य आहे. ते सर्व लांबच लांब साखळ्यांचे बनलेले आहेत. लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन तयार झालेल्या अशा साखळीस बहुवारिक अथवा पॉलिमर म्हणतात. कापसातील सेल्युलोजच्या एका साखळीत ग्लुकोज या साध्या शर्करेचे हजारो घटक ओळीने जोडलेले असतात. अशा प्रचंड साखळ्या खरोखरीच अस्तित्वात असतात, ही कल्पना हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली मांडली, तेव्हा त्याच्या अनेक समव्यवसायी विद्वानांना ती पटली नव्हती. पुढे १९५३ साली याच कार्यासाठी त्यास नोबेल पारितोषिक देण्यात आले.

साखळीतील घटक एकमेकांस घट्ट रासायनिक बंधांनी जोडलेले असतात. परंतु केवळ साखळ्यांनी वस्तू बनत नाही. एक साखळी दुसऱ्या साखळीस धरून राहिली, तरच धागा, कागद किंवा पापुद्रा तयार होतो. ही धरून ठेवण्याची कामगिरी अनेक पदार्थांत हायड्रोजन बंध पार पाडतो.

त्याचे स्वरूप समजण्यास अवघड नाही. हायड्रोजनचा अणू जेव्हा ऑक्सिजन किंवा नायट्रोजन यांना जोडलेला असतो, तेव्हा हे बलवान अणू त्याच्याजवळील विद्युतकण आपल्याकडे ओढून घेतात. त्यामुळे हायड्रोजनवर किंचित धन आणि ऑक्सिजनवर किंचित ऋण विद्युतभार राहतो. मग एका साखळीतील हायड्रोजन शेजारच्या साखळीतील ऑक्सिजनकडे ओढला जातो आणि दोन साखळ्यांमध्ये एक दुवा तयार होतो. १९२० सालीच लॅटिमर आणि रोडेबुश या अमेरिकन शास्त्रज्ञांनी या बंधाचे विवेचन केले होते.

हा दुवा एकटा पाहिला तर दुबळा असतो. साखळीतील रासायनिक बंधाच्या तुलनेत त्याचे बळ सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्श्याएवढेच भरते. परंतु सेल्युलोजच्या प्रत्येक घटकावर असे बंध जुळविण्यास योग्य अशा तीन जागा असतात आणि घटक तर हजारो असतात. द्राक्षवेलीची एक बाळी तारेवरून बोटाने सहज सोडविता येते. परंतु शेकडो बाळ्यांनी धरलेली वेल मंडपावरून ओढून काढू म्हटले, तर ती मोडेल पण सुटणार नाही. हायड्रोजन बंधांचे बळ हे असे संख्येचे बळ होय.

या बंधाची आणखी एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो सुटतो आणि पुन्हा जुळतो. घट्ट रासायनिक बंध एकदा तुटला, की तो सहसा आपोआप सांधला जात नाही. हायड्रोजन बंध मात्र पाण्याने किंवा उष्णतेने सुटतो आणि पाणी निघून गेल्यावर किंवा पदार्थ निवल्यावर पुन्हा धरतो. पुढील सर्व उदाहरणांत हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांनी दिसून येईल.

कागद का विरतो आणि सूत का टिकते

पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असल्यामुळे तो स्वतःच हायड्रोजन बंध जोडण्यात तरबेज असतो. पाण्याचे रेणू एकमेकांस याच बंधांनी धरून असतात, म्हणूनच पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पाण्याशी रचनेने साम्य असलेला हायड्रोजन सल्फाइड हा वायू शून्याखाली सुमारे ६० अंशांवरच उकळतो, कारण त्याच्या रेणूंमध्ये असे बंध जवळजवळ नसतात.

कागद तयार करताना लाकूड, बगॅस किंवा रद्दी यांचे तंतू पाण्यात कालवून जाळीवर पसरतात व वाळवितात. पाणी निघून जाताना तंतू एकमेकांजवळ ओढले जातात आणि त्यांच्या पृष्ठभागांवरील सेल्युलोजमध्ये हायड्रोजन बंध जुळतात. कागदाचा ताव मुख्यतः या बंधांवरच उभा असतो. असा कागद पुन्हा भिजला, की पाण्याचे रेणू तंतूंच्या मधोमध शिरतात, तंतूंनी एकमेकांस दिलेले हात सोडवून ते स्वतः धरतात आणि ताव विस्कळीत होतो. चांगला भिजलेला साधा कागद आपल्या कोरड्या बळापैकी दहावा हिस्सादेखील क्वचितच टिकवितो. रद्दीचा पुन्हा कागद करता येतो, तोही याच गुणामुळे.

मग सुताचे काय? तेही सेल्युलोजचेच असते. परंतु कापसाच्या तंतूत साखळ्या फार लांब असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्या अशा शिस्तीने शेजारी शेजारी बसलेल्या असतात, की त्या घट्ट भागांत पाण्यास शिरकाव मिळत नाही. पाणी शिरते ते सैल भागांत. तेथे साखळ्यांना थोडी मोकळीक मिळाल्याने ताण एकाच जागी न साचता सर्वत्र वाटला जातो आणि ओला धागा कोरड्यापेक्षा अधिक ताण सहन करतो. कागदात मात्र दुवे तंतू आणि तंतू यांच्या मध्ये, म्हणजे पाण्यास सहज सापडतील अशा जागी असतात. पदार्थ एकच, दुवाही एकच. परंतु दुव्याच्या जागेमुळे परिणाम उलट झाला.

यावरून द्राक्षबागेसाठी काही गोष्टी सहज निघतात. कागदाचे आच्छादन थंडी व ऊन यांसाठी आहे, पावसासाठी नव्हे. गुंडाळी खालच्या बाजूने पुरती बंद करू नये, म्हणजे पाणी निथळेल आणि हवा खेळेल. पाऊस येऊन गेल्यावर भिजून घडास चिकटलेले कागद लवकरात लवकर काढावेत, कारण ओला कागद ओल धरून ठेवतो आणि पक्व होत असलेल्या घडात कूज होण्यास ओल हेच निमित्त पुरते. कागद घडावरच वाळू देऊन तो पुन्हा उपयोगी पडेल, अशी अपेक्षाही करू नये. बंध पुन्हा जुळतील हे खरे. परंतु ते चुरगळलेल्या स्थितीत जुळतील आणि कागद मण्यांवर वेडावाकडा आवळून बसेल.

चुलीवरील दोन उदाहरणे

उष्णतेने बंध सुटणे आणि निवल्यावर जुळणे ही क्रिया प्रत्येक घरात रोज घडते. दिंडोरीच्या पश्चिमेकडील गावांतून नागलीची, तर अन्यत्र बाजरीची व ज्वारीची भाकरी केली जाते. गव्हाच्या पिठात चिकटपणा आणणारे ग्लुटेन असते. या धान्यांत ते नसते. म्हणून गृहिणी पिठात कढत पाणी घालतात किंवा उकड काढतात. स्टार्चच्या कणांत साखळ्या हायड्रोजन बंधांनी घट्ट बसलेल्या असतात व थंड पाण्याने त्या सुटत नाहीत. सुमारे ६५ ते ७५ अंश उष्णतेस हे बंध सैल होतात, कण पाणी पिऊन फुगतात आणि काही साखळ्या बाहेर येऊन पिठाच्या कणांना एकमेकांशी बांधतात. त्यामुळेच भाकरी थापताना चिरत नाही.

शिळी भाकरी कडक होते, तिचे कारण केवळ ती वाळते एवढेच नव्हे. निवत गेलेल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा शेजारी शेजारी येतात, त्यांच्यात बंध जुळतात आणि भाकरी ताठरते. पाण्याचा हात लावून ती गरम केली, की हे बंध पुन्हा सुटतात आणि ती काही काळ मऊ होते. सांगण्यास ही किरकोळ गोष्ट. परंतु शास्त्राचा संपूर्ण धडा तीत सामावलेला आहे.

दुसरे उदाहरण पेरूच्या जेलीचे. पेरूत पेक्टिन नावाची साखळी विपुल असते. फळ पाण्यात शिजविले, की पेक्टिन रसात उतरते. परंतु रस पातळच राहतो. याची कारणे दोन. पेक्टिनच्या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असल्याने त्या एकमेकींना दूर सारतात आणि प्रत्येक साखळीभोवती पाण्याचा वेढाही असतो. आम्लाने विद्युतभार निवतो आणि साखरेने पाणी आपल्याकडे ओढून घेतले जाते. मग साखळ्या एकमेकींजवळ येतात, हायड्रोजन बंधांनी आणि परस्परांच्या अन्य आकर्षणाने जागोजागी जुळतात आणि त्यांच्या जाळ्यात रस अडकून पडतो. हीच जेली होय.

म्हणून जेलीत पेक्टिन, आम्ल आणि साखर या तिन्हींचा मेळ बसणे आवश्यक असते. १ किलो पेरूच्या फोडी बुडतील एवढ्या पाण्यात, साधारणतः २ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून अर्धा तास शिजवाव्यात आणि रस न पिळता कापडातून गाळून घ्यावा. रसाच्या वजनाच्या पाऊणपट साखर घालून तो १०५ अंश सेल्सिअसपर्यंत आटवावा. पळीतून ओतताना थेंब वेगवेगळे न पडता पातळ पडद्यासारखे एकत्र होऊन गळू लागले, की जेली झाली असे समजावे. जेली न धरल्यास आधी आम्लाचे प्रमाण पाहावे. घाईने नुसती साखर वाढवीत राहणे ही नेहमीची चूक आहे, कारण साखर फक्त पाणी बाजूला सारते, विद्युतभार निवविण्याचे काम तिच्याने होत नाही. द्राक्षात पेक्टिनचे प्रमाण पेरूपेक्षा कमी असते. म्हणून द्राक्षरसात पेरूचा रस मिसळून जेली धरविता येते. हंगामात भाव पडला असता काही माल टिकविण्याचा हा एक घरगुती मार्ग महिला मंडळांनी अवश्य हाती घ्यावा.

ज्यांत हे बंध नाहीत

आता प्लॅस्टिकच्या आच्छादनाकडे वळू. टोमॅटोच्या गादीवाफ्यावरील मल्चिंगचा कागद आणि शेततळ्याचे अस्तर ही सारी पॉलिथिनच्या जातीची असतात. पॉलिथिनची साखळी केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांची. तीत ऑक्सिजन किंवा नायट्रोजन नाही. म्हणून हायड्रोजन बंधही नाही. पाण्याला धरण्याजोगे तेथे काहीच नसल्याने पाणी वरून ओघळून जाते. साखळ्या एकमेकींना धरून राहतात त्या आपल्या लांबीमुळे व अतिशय क्षीण अशा आकर्षणामुळे.

अशा पदार्थाचा वैरी पाणी नसून ऊन आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण साखळीचा मुख्य बंधच तोडतात आणि तो बंध पुन्हा सांधला जात नाही. म्हणून आच्छादनाचे किंवा अस्तराचे प्लॅस्टिक विकत घेताना ते अतिनील किरणांना प्रतिकार करणारे आहे याची खात्री करावी, शेततळ्याचे अस्तर काठावर शक्य तेथे मातीने झाकावे आणि आच्छादनाचे काम संपताच ते गुंडाळून सावलीत ठेवावे. त्यास पावसापासून जपण्याचे कारण नाही. जपावयाचे ते उन्हापासून.

नायलॉन हा या दोहोंच्या मधला पदार्थ होय. वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत तो २८ फेब्रुवारी १९३५ रोजी प्रथम तयार झाला. त्यामागे रेशमाची प्रेरणा होती. नाशिक जिल्ह्यातीलच येवल्याची पैठणी ज्या रेशमाने विणली जाते, त्या रेशमात प्रथिनांच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी शेजारी शेजारी गुंतलेल्या असतात. तीच जोडणी नायलॉनमध्ये साधण्यात आली. पॉलिथिनप्रमाणेच नायलॉनमध्येही कार्बनचे लांब तुकडे असतात. परंतु मधून मधून हायड्रोजन बंध जुळतील अशा जागा येतात. एवढ्या फरकाने काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. दाट जातीचे पॉलिथिन सुमारे १३० अंशांस वितळते. नायलॉन-६ मात्र सुमारे २२० अंशांपर्यंत टिकते. त्याबरोबरच नायलॉन थोडे पाणी शोषते आणि ओले असताना काहीसे ताणले जाते. म्हणून नायलॉनची दोरी भर पावसात ताणून बांधली, तरी कोरडी पडल्यावर तिचा ताण पुन्हा पाहून घ्यावा.

पाणी धरून ठेवणारी भुकटी

करंजवण, पालखेड, वाघाड अशी धरणे तालुक्यात असूनही चैत्र-वैशाखात, खरड छाटणीनंतर वेलीला पाण्याची खरी गरज असते तेव्हाच, अनेक ठिकाणी विहिरी तळ गाठतात. अशा वेळी ‘पाणी धरून ठेवणारी भुकटी’ म्हणजे हायड्रोजेल शेतकऱ्याच्या कानावर येते. तिची पारख करावयाची, तर वर सांगितलेले सर्व ज्ञान उपयोगी पडते.

ही भुकटीदेखील साखळ्यांचीच असते. तिच्या साखळ्यांवर पाण्याशी हायड्रोजन बंध जोडणारे गट असतात आणि विद्युतभारित गटही असतात. दोहोंच्या ओढीने पाणी आत शिरते आणि साखळ्या फाकत जातात. येथे केवळ हायड्रोजन बंधांवर विसंबले असते, तर कागदाप्रमाणे भुकटीही पाण्यात विरून गेली असती. म्हणून तिच्या साखळ्या मधून मधून घट्ट रासायनिक गाठींनी कायमच्या बांधलेल्या असतात. गाठी विरळ असल्याने जाळे फुगू शकते आणि पक्क्या असल्याने ते विरत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ‘जलशक्ती’ नावाचा असा पदार्थ पूर्वी विकसित केला होता. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजच्या आधारावर ‘पूसा हायड्रोजेल’ तयार केले असून ते शुद्ध पाण्यात आपल्या वजनाच्या किमान ३५० पट पाणी शोषते, असे संस्था सांगते. त्याची शिफारस हेक्टरी २.५ ते ५ किलो अशी असून ते मुळांच्या परिसरात, मातीच्या आत पडावे लागते.

परंतु ‘शुद्ध पाण्यात’ या शब्दांकडे शेतकऱ्याने नीट लक्ष द्यावे. पाण्यात क्षार असले, की साखळ्यांवरील विद्युतभारांची ओढ झाकली जाते आणि भुकटी पुष्कळच कमी फुगते. कॅल्शियमसारखे क्षार तर साखळ्यांना एकमेकींशी आवळून टाकतात. त्यामुळे जड पाण्याच्या बोअरवर किंवा ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट, पोटॅश अशी खते वारंवार दिली जातात तेथे भुकटीकडून पुस्तकी आकड्याची अपेक्षा धरू नये. युरिया क्षाररूप नसल्याने त्याचा असा परिणाम फारसा होत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की भुकटी पाणी निर्माण करीत नाही. पावसाचे किंवा पाळीचे जे पाणी मुळांच्या खाली निघून गेले असते, त्यातील काही भाग ती धरून ठेवते आणि माती सुकू लागली की सोडते. त्यामुळे दोन पाळ्यांमधील अंतर काहीसे वाढू शकते. जेथे पाणी निचरून जाते अशा मुरमाड, हलक्या जमिनीत तिचा उपयोग अधिक. भारी काळी जमीन मुळातच पाणी धरून ठेवीत असल्याने तेथे तो कमी. म्हणून एकदम सर्व क्षेत्रावर खर्च न करता प्रथम टोमॅटोच्या दोन ओळींत भुकटी घालून व शेजारच्या दोन ओळी तशाच ठेवून एक हंगाम पाहावे. शेणखत, कंपोस्ट आणि आच्छादन यांना ती पर्याय नव्हे. जमिनीतील सूक्ष्म जीव सेंद्रिय पदार्थ कुजविताना जो चिकट पदार्थ निर्माण करतात, त्याच्याही साखळ्याच असतात. त्या मातीच्या कणांना हायड्रोजन बंधांनी आणि अन्य आकर्षणांनी जोडून भुसभुशीत ढेकळे बनवितात. हे काम शेतकऱ्याच्या घरच्या खताने होते.

आपोआप सांधणारे जेल

हायड्रोजन बंध सुटतो व पुन्हा जुळतो, या गुणाचा लाभ घेण्याचे कार्य शास्त्रज्ञांनी बरेच पुढे नेले आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर आणि डॉ. आशिष लेले यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, फुगणाऱ्या जेलमध्ये हायड्रोजन बंध कसे वागतात याचा सखोल अभ्यास केला. २०१२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील डॉ. श्यनी वर्गीस यांच्या गटाने, या दोघांच्या सहभागाने, एक विलक्षण जेल तयार केल्याचे प्रसिद्ध केले.

या जेलच्या मुख्य साखळ्या पक्क्या गाठींनी बांधलेल्या असतात. परंतु त्यांना बाजूने आखूड फांद्या लोंबत ठेवलेल्या असतात. या फांद्या नायलॉन-६ ज्या घटकाचे बनते, त्याच घटकाच्या असून त्यांच्या टोकांशी हायड्रोजन बंध जुळविणारे गट असतात. जेलचे दोन तुकडे आम्लयुक्त पाण्यात एकमेकांस टेकविले, की एका तुकड्यावरील फांद्या दुसऱ्यावरील फांद्यांना धरतात आणि काही सेकंदांत तुकडे सांधले जातात. पाणी अल्कलीयुक्त केले, की फांद्यांच्या टोकांवर विद्युतभार येऊन त्या एकमेकींना दूर सारतात आणि जोड सुटतो. आम्ल पुन्हा दिले, की तो पुन्हा धरतो. पेरूच्या रसात आम्लाने पेक्टिनचा विद्युतभार निवतो आणि जेली धरते, हे वर आलेच आहे. येथेही आम्लाचे काम तेच. फांदी फार आखूड असली तर ती पलीकडे पोहोचत नाही आणि फार लांब असली तर ती आपल्यातच गुरफटते. म्हणून तिची लांबी नेमकी साधावी लागते. हे जेल शेतीसाठी केलेले नाही. परंतु दुबळा दुवा योग्य जागी, योग्य संख्येने बसविला तर त्यातून पक्क्या गाठींनाही न जमणारे काम कसे करून घेता येते, हे त्यावरून दिसून येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिके

पुढील तीन प्रात्यक्षिके कोणत्याही गावी, अल्प साहित्यात, सभेपुढे करून दाखविता येतील.

१. वर्तमानपत्राच्या सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात व एक पाण्यात पाच मिनिटे बुडवावी. दोन्हींना खाली पिशवी अडकवून तीत एकेक खडा टाकीत जावे. ओली पट्टी किती लवकर तुटते हे सर्वांना मोजू द्यावे. त्यानंतर हाच प्रयोग सुताच्या कोऱ्या, न रंगविलेल्या धाग्यावर करावा आणि दोहोंतील फरकाचे कारण विचारावे.

२. ज्वारीचे पीठ एका ताटात थंड पाण्याने व दुसऱ्यात कढत पाण्याने भिजवून दोन्हींच्या भाकऱ्या थापून दाखवाव्यात. सुगरणींना याचा परिणाम ठाऊकच असतो. त्यामागील कारण त्यांना सांगावे.

३. हायड्रोजेलची भुकटी १ ग्रॅम याप्रमाणे तीन भांड्यांत घ्यावी. एकात १ लिटर पावसाचे साठविलेले पाणी, दुसऱ्यात गावच्या बोअरचे पाणी आणि तिसऱ्यात ठिबकमधून दिले जाणारे खताचे द्रावण घालावे. दोन तासांनी तिन्ही भांड्यांतील जेल पातळ कापडातून गाळून वजन करावे. भुकटी विकत घेण्यापूर्वी हा प्रयोग प्रत्येक शेतकऱ्याने आपल्याच पाण्यावर करावा. पिशवीवर छापलेल्या आकड्यापेक्षा स्वतःच्या विहिरीच्या पाण्याने दिलेला आकडा अधिक विश्वासाचा असतो.

थोडक्यात सांगावयाचे, तर कोणतीही वस्तू हाती आल्यावर दोन प्रश्न विचारावेत. तिचे बळ पाण्याने सुटणाऱ्या दुव्यांवर आहे काय? असल्यास ते दुवे पाण्याच्या वाटेत आहेत, की आत सुरक्षित आहेत? कागदास पावसापासून आणि प्लॅस्टिकला उन्हापासून जपावे. जेलीस आम्ल द्यावे आणि भुकटीस क्षारांपासून दूर ठेवावे. या चार गोष्टी पाळल्या, तर घडांवरील माल, घरातील फळ आणि पदरचा पैसा यांची बरीच हानी टळेल.